अल्पखर्चिक विपणन : खर्च नेमका कोणाचा?
(हिवरखेड परिसरातील लघुव्यवसायांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर खेड्यातील बाजारपेठेचे रूप झपाट्याने पालटले. ज्या गावांत साखर, मीठ, रॉकेल आणि कापड यांपलीकडे बाहेरचा माल फारसा पोहोचत नसे, तेथील किराणा दुकानांत आज शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबकळतात आणि पाकीटबंद चिवड्याने घरच्या चिवड्याची जागा घेतली आहे. हा माल एकटा येत नाही. तो आपल्यामागे कोट्यवधी रुपयांच्या जाहिराती घेऊन येतो. अशा मालासमोर गावातील पापड-लोणची करणाऱ्या बचत गटाने, पिठाच्या चक्कीवाल्याने किंवा लहान दुकानदाराने टिकाव कसा धरावा, हा प्रश्न केवळ वाणिज्याचा नाही. तो ग्रामीण समाजाच्या स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर उद्योजकता शिबिरांत, बचत गटांच्या प्रशिक्षणांत आणि व्यवस्थापनावरील पुस्तकांत एक उत्तर वारंवार दिले जाते. पैसा नसेल तर युक्ती वापरा. जाहिरातीवर खर्च न करता लोकांचे लक्ष वेधून घ्या. या पद्धतीस 'गुरिल्ला मार्केटिंग' असे म्हणतात आणि मराठीत तिचे भाषांतर 'गनिमी विपणन' असे केले जाते. उत्तर आकर्षक आहे. परंतु ते पुरेसे तपासले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हिवरखेड हे गाव संदर्भ म्हणून घेतले आहे. कापूस, केळी, संत्री आणि पानपिंपळी पिकविणाऱ्या पट्ट्यातील हे मोठे गाव दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होते आणि अलीकडेच ते नगर परिषदेकडे गेले आहे. धड खेडे नव्हे आणि धड शहर नव्हे, अशा गावाच्या बाजारपेठेत या कल्पनांची खरी परीक्षा होते.

संज्ञेची चिकित्सा

'गुरिल्ला मार्केटिंग' ही संज्ञा जे कॉनरॅड लेव्हिन्सन या अमेरिकन लेखकाने १९८४ साली याच नावाच्या ग्रंथातून रूढ केली. 'गुरिल्ला' हा मूळ स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ 'छोटे युद्ध' असा होतो. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध स्पॅनिश जनतेने दिलेल्या लढ्यातून तो युरोपीय भाषांत पसरला. मराठीत त्याला 'गनिमी कावा' हा प्रतिशब्द सहज सुचतो आणि शिवकाळाच्या स्मरणामुळे तो मनाला भावतोही. तथापि 'गनीम' म्हणजे शत्रू आणि 'कावा' म्हणजे घोड्याला दिलेली फिरकी, त्यावरून हुलकावणी. युद्धात ही हुलकावणी गौरवास्पद असते, कारण समोर शत्रू असतो. बाजारात समोर कोण असते?

महानगरात विक्रेता आणि ग्राहक एकमेकांना बहुधा पुन्हा भेटत नाहीत. तेथे लक्ष वेधून घेणारी अचानक चढाई एकवेळ खपून जाते. हिवरखेडसारख्या गावात मात्र सकाळी ज्याला माल विकला, तोच दुपारी पानठेल्यावर भेटतो, सायंकाळी मंदिरात भेटतो आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. येथे ग्राहक हा गनीम नाही आणि शेजारचा दुकानदारही निव्वळ गनीम नाही, कारण सुट्या पैशांची अडचण पडली की त्याच्याकडेच जावे लागते. अचानकपणा आणि अनोळखीपणा हे या तंत्राचे दोन्ही आधार गावात उपलब्ध नसतात. हुलकावणी देणाऱ्याचे नाव, घर आणि वडिलांचे नाव सर्वांना ठाऊक असते. म्हणून भाषांतराबरोबर आलेले युद्धाचे रूपक येथे लागू पडत नाही, हे प्रथम नोंदवले पाहिजे.

वेळ, श्रम आणि कल्पना : कोणाच्या?

लेव्हिन्सनच्या प्रतिपादनाचा गाभा असा की लहान व्यावसायिकाने पैशाऐवजी वेळ, श्रम आणि कल्पनाशक्ती यांची गुंतवणूक करावी. हे वाचताना वेळ आणि श्रम जणू फुकट मिळतात असा भास होतो. वऱ्हाडातील कौटुंबिक दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की हा भास टिकत नाही. दुकान घराच्या पुढच्या खोलीत असते. मालक माल आणण्यास अकोटला किंवा अकोल्यास गेला की गल्ल्यावर त्याची पत्नी बसते आणि शाळेतून आलेला मुलगा पुड्या बांधतो. या श्रमांची नोंद कोणत्याही वहीत नसते. 'पैसा नको, वेळ द्या' असा सल्ला अशा घरात पोहोचतो, तेव्हा तो वेळ बहुधा स्त्रीच्या झोपेतून आणि मुलाच्या अभ्यासातून काढला जातो.

महिला बचत गटांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला आणि २०११ पासून 'उमेद' अभियानाने या गटांच्या मालासाठी प्रदर्शने भरविण्यास चालना दिली. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु प्रदर्शनातील मोफत जागेला 'बिनखर्ची प्रसिद्धी' म्हणताना गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि घरी मागे राहिलेले काम यांचा हिशेब कोणी मांडत नाही. हा हिशेब मांडला की 'अल्पखर्चिक' या विशेषणाचा अर्थ बदलतो. खर्च कमी झालेला नसतो. तो केवळ रोख रकमेत दिसेनासा झालेला असतो.

यावरून अल्पखर्चिक विपणनाच्या कोणत्याही कल्पनेस लावण्याजोगी एक कसोटी हाती येते. प्रश्न 'किती खर्च आला?' असा नसून 'तो खर्च कोणी सोसला?' असा आहे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथात शेतकऱ्याच्या श्रमाचे फळ वाटेत कोण गिळते, असा प्रश्न उभा केला होता. बाजाराविषयीच्या मराठी विचाराला ही हिशेबी दृष्टी नवीन नाही. पुढील विवेचनात तिच्याच आधारे काही प्रचलित कल्पना तपासून पाहू.

पाट्यांचे वाङ्मय

दुकानातील पाटी हे अल्पखर्चिक विपणनाचे सर्वांत जुने साधन होय. समीक्षकांनी तिच्याकडे वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी महाराष्ट्रभर आढळते. ती ज्या दिवशी वाचावी त्या दिवशी 'आज'च असते. 'उद्या' कधीही उगवत नाही. नकार देणे गावात अवघड असते, कारण मागणारा नात्यातला किंवा ओळखीचा असतो. ही पाटी नकाराचे कटू काम दुकानदाराच्या तोंडून काढून घेते आणि त्याला विनोदाचे रूप देते. मागणारा हसतो, देणारा हसतो आणि संबंध तुटत नाहीत. 'आमची कोठेही शाखा नाही' ही दुसरी प्रसिद्ध पाटी. विस्ताराची ऐपत नसणे हे वास्तविक उणेपण. या वाक्यात ते अस्सलपणाची ग्वाही बनते. दोन्ही पाट्यांत फसवणूक नाही, कोणाच्या भिंतीचा वापर नाही आणि कोणावर भार नाही. खर्च रंगाच्या एका डब्याचा, आणि तो दुकानदाराचाच.

मात्र पाटीवरील विनोदाने उधारीचे वास्तव झाकले जाऊ नये. कापूस विकून पैसा हाती येईपर्यंत शेतकऱ्याचे घर उधारीवरच चालते. उधारी देणारा दुकानदार ग्राहक बांधून ठेवतो; त्या अर्थाने उधारी हेच वऱ्हाडातील सर्वांत प्रभावी विपणन आहे. परंतु बांधलेला ग्राहक भाव विचारू शकत नाही आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकत नाही. जेव्हा वहीतील आकडा ग्राहकाला वाचून दाखविला जात नाही, तेव्हा या 'विश्वासा'चा खर्च तोच सोसत असतो. गावातील विश्वास हे भांडवल आहे, हे खरे; पण ते सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नाही. जात, वस्ती आणि जमीनधारणा यांनुसार कोणाला उधार मिळते आणि कोणाला रोख मागितली जाते, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

शेगावची कचोरी : बिनखर्ची कीर्तीमागील रूळ

वऱ्हाडातील विनाजाहिरात यशाचे उदाहरण म्हणून शेगावच्या कचोरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकण्यास सुरुवात केली. पुढे या पदार्थाचे नाव गावाच्या नावाशी कायमचे जोडले गेले. चव सारखी ठेवणे आणि गरम माल गाडीच्या वेळेवर तयार ठेवणे, एवढ्यावर ही कीर्ती उभी राहिली. येथे गुणवत्तेचा खर्च विक्रेत्याने स्वतः सोसला, यात शंका नाही.

तरीही या यशाला निव्वळ युक्तीचे यश समजणे अपुरे ठरेल. शेगाव मुंबई–हावडा या मुख्य लोहमार्गावर आहे. गजानन महाराजांच्या दर्शनासाठी तेथे बारमाही भाविक येतात. कचोरीची वार्ता देशभर नेण्याचे काम रेल्वेने आणि यात्रेने केले. म्हणजेच एका सार्वजनिक गुंतवणुकीने आणि एका लोकश्रद्धेने. याउलट हिवरखेडचे स्थानक अकोला–खंडवा या मीटरगेज मार्गावर होते. रुंदीकरणासाठी हा मार्ग २०१७ साली बंद झाला. त्यापैकी अकोला–अकोट हा टप्पा २०२२ साली ब्रॉडगेजवर सुरू झाला. मात्र अकोटच्या पुढचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की त्याला वळसा घालावा, या वादात दीर्घकाळ अडकून पडला. हिवरखेडच्या हॉटेलवाल्याने तितकीच चांगली कचोरी केली, तरी ती खिडकीतून घेणारा प्रवासी त्याच्यासमोरून गेला नाही. उद्योजकतेच्या पुस्तकांत यशस्वी माणसाची चतुराई सविस्तर येते, त्याच्या दारातून गेलेल्या रुळांचा उल्लेख मात्र गाळला जातो. मग ज्याच्या गावी रूळ नाहीत, त्याचे अपयश त्याच्या कल्पनाशक्तीच्या खात्यावर मांडले जाते. हा अन्याय आहे.

मुखप्रसिद्धीची दुसरी बाजू

एकाने दुसऱ्याला सांगावे आणि माल खपावा, यास विपणनशास्त्रात मुखप्रसिद्धी म्हणतात. ती विनामूल्य असते आणि म्हणून प्रामाणिक असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे गृहीतक वऱ्हाडातील कापसाच्या बियाण्याच्या संदर्भात तपासण्याजोगे आहे. तणनाशकाला न दबणाऱ्या 'एचटीबीटी' कापसाच्या बियाण्यास व्यापारी लागवडीची परवानगी नसतानाही ते खेड्यांत पोहोचले. शेतकरी संघटनेने १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे त्याची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली, तेव्हा हा विषय देशभर गाजला. ही मागणी योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि निंदणीच्या मजुरीने बेजार झालेल्या शेतकऱ्याची निकड खोटी म्हणता येत नाही. आपल्यापुढील मुद्दा वेगळा आहे.

या बियाण्याची फलकावर जाहिरात नव्हती आणि भोंगाही नव्हता. ते कानोकानी खपले. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही मुखप्रसिद्धीची परिपूर्ण अवस्था म्हणावी लागेल. परंतु परवानगी नसलेल्या बियाण्याचे अधिकृत बिल मिळत नाही. बिल नसल्यामुळे बियाणे उगवले नाही किंवा पाकिटात भलतेच निघाले, तर कृषी विभागाकडे अथवा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा आधार उरत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण येथे व्यवहारच कायद्याच्या छायेबाहेर झालेला असतो. विक्रेत्याचा प्रसिद्धीखर्च शून्यावर आला आणि जोखमीचा सारा खर्च शेतकऱ्याच्या एका हंगामावर पडला. त्याला सांगणारा शेजारी प्रामाणिकच होता. तरीही विक्रेत्याचा एक बिनपगारी प्रतिनिधी म्हणून त्याचा वापर झाला. मुखप्रसिद्धी स्वतः सात्त्विक नसते. तिच्यामागे उत्तरदायित्व आहे की नाही, यावर तिचे मूल्य ठरते.

भिंत, भोंगा आणि भ्रमणध्वनी

गनिमी विपणनातील बऱ्याच कल्पना सार्वजनिक जागेच्या वापरावर आधारलेल्या आहेत. झाडाला खिळ्याने ठोकलेली पत्र्याची पाटी, बसथांब्यावर चिकटविलेली पत्रके, ऑटोवर भोंगा बांधून गावभर केलेली घोषणा, चौकातील फ्लेक्स ही त्यांची परिचित रूपे. मराठी गावाला घोषणा नवीन नाही. कोतवालाची दवंडी शतकानुशतके गावात फिरली. परंतु दवंडी क्वचित होत असे, ती गावाच्या कामाची असे आणि ती देणारा गावाचा सेवक असे. ऑटोवरील भोंगा दिवसातून अनेकदा फिरतो आणि त्यातून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची किंवा आजारी वृद्धाची सुटका नसते. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम आणि महाराष्ट्र मालमत्ता विरूपणास प्रतिबंध करणारा १९९५ सालचा अधिनियम यांमुळे यांपैकी अनेक युक्त्या बेकायदेशीरही ठरतात. येथे जाहिरातीचा खर्च गावाच्या भिंतींनी, झाडांनी आणि कानांनी सोसलेला असतो.

भ्रमणध्वनीवरील गटांत दिवसभर टाकले जाणारे संदेश हा याच भोंग्याचा निःशब्द अवतार आहे. ग्राहकाचा क्रमांक त्याने बिलासाठी दिलेला असतो, प्रचारासाठी नव्हे. संदेश पाठविण्यास पैसा लागत नाही, म्हणून तो कितीही वेळा पाठवावा, असे मानले जाते. परिणामी खरोखर कामाचा संदेशही न वाचता पुसला जातो. फुकट मिळालेल्या साधनाचा अतिवापर झाला की त्याचा उपयोग सर्वांसाठीच संपतो.

आधी देणे, मग मागणे

वरील विवेचनावरून अल्पखर्चिक विपणन त्याज्यच आहे, असा निष्कर्ष निघत नाही. मराठी उद्योगाच्या इतिहासात या कसोटीस उतरणारी उदाहरणे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. नांगर पडून राहण्याचा तोटा निर्मात्याने सोसला आणि विश्वास बसेपर्यंत धीर धरला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे पत्रक हळूहळू वाचनीय मासिक बनले, कारण त्याने वाचकाला काही दिले. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'नेही तारखांच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत उपयुक्त मजकूर दिला आणि म्हणूनच ते घराघरांतील भिंतीवर वर्षभर सन्मानाने टांगले गेले. त्या भिंतीवर ते आगंतुक नव्हते. घरधन्याने स्वतः खिळा ठोकून त्याला जागा दिली होती.

या संदर्भात वऱ्हाडच्या भूमीतील एका थोर लोकशिक्षकाचे स्मरण होते. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात येत, तेव्हा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांशी बोलत. त्यांच्या कार्याला 'प्रसिद्धीतंत्र' म्हणणे हा त्यांचा अवमान ठरेल, कारण त्यांना काही विकावयाचे नव्हते. परंतु लोकांचे लक्ष मागण्यापूर्वी स्वतःचे श्रम दिले पाहिजेत, हा क्रम त्यांच्याकडून शिकता येतो. गनिमी विपणनाचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. ते आधी लक्ष हिसकावते आणि मग माल दाखविते.

हा क्रम पाळून हिवरखेडच्या लहान व्यावसायिकास कितीतरी गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. कृषी केंद्राने प्रत्येक खरेदीचे बिल न मागता द्यावे आणि त्यामागे बियाण्याची पिशवी व लेबल जपून ठेवण्याची सूचना छापावी. तक्रारीच्या वेळी हाच कागद शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. किराणा दुकानदाराने वजनकाटा ग्राहकाकडे तोंड करून ठेवावा आणि उधारीच्या वहीची एक प्रत ग्राहकाकडे द्यावी. कापडाच्या पिशवीवर दुकानाच्या नावासोबत एसटीचे वेळापत्रक छापले, तर ती पिशवी फेकली जाणार नाही. या पट्ट्यात पिकणारी पानपिंपळी व्यापाऱ्याच्या पोत्यातून बाहेर गेली की तिचे गाव हरवते. स्थानिक गटाने ती निवडून, गावाच्या नावानिशी लहान पाकिटांत विकली तर गावाचे नावच जाहिरात बनेल. बचत गटांनी एकेकटीने फिरण्याऐवजी आळीपाळीने विक्रीस जावे आणि जाणारीची मजुरी मालाच्या किमतीत उघडपणे धरावी. यांपैकी एकही कल्पना चमकदार नाही; मात्र प्रत्येकीचा खर्च सांगता येतो आणि तो लाभ घेणाराच सोसतो.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की नैतिकतेचा हा भार लहान दुकानदारावरच का? सिमेंट, भ्रमणध्वनी सेवा आणि कीटकनाशके यांच्या कंपन्या खेड्यातील घरांच्या भिंती नाममात्र मोबदल्यात रंगवून टाकतात. त्यांना कोण विचारतो? हा आक्षेप योग्य आहे. ही कसोटी मोठ्यांना आधी आणि अधिक कठोरपणे लागू केली पाहिजे. परंतु मोठ्यांचे अनुकरण हा लहानांचा बचाव होऊ शकत नाही. मोठी कंपनी गावाचा विश्वास गमावून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकते. हिवरखेडच्या दुकानदाराला तेथेच राहावयाचे आहे. 'कोठेही शाखा नाही' हे त्याच्या बाबतीत केवळ पाटीवरील वाक्य नसून त्याच्या आयुष्याची वस्तुस्थिती आहे.

समारोप

गनिमी विपणनाच्या कल्पनेने लहान व्यावसायिकाला आत्मविश्वास दिला, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि तिची भाषा युद्धाची आहे आणि तिचा हिशेब अपुरा आहे. घरातील स्त्रीचा वेळ, गावाची शांतता, ग्राहकाची जोखीम आणि सार्वजनिक सोयी हे सारे ती 'फुकट' या सदरात टाकते. या नोंदी वहीत परत आणल्या, म्हणजे कोणती युक्ती खरोखर स्वस्त आहे आणि कोणती केवळ दुसऱ्याच्या खर्चाने चालते, हे स्पष्ट होते. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना विपणनाच्या युक्त्या शिकविताना प्रत्येक युक्तीपुढे 'खर्च कोणाचा?' असा एक रकाना आखावयास सांगितला, तरी ग्रामीण बाजारपेठेचा अभ्यास अधिक सत्यनिष्ठ होईल. हिवरखेडच्या बाजारात हा रकाना भरणे कठीण जाऊ नये. तेथे देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांना नावाने ओळखतात.